भिजलेल्या पोत्याचे पैसे

धावडा हे माझे गाव. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने वसलेले. इथून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्याकडच्या पोरांना समुद्र दिसतो तो मुंबईला कामाला गेल्यावरच. म्हणून वर्गात मी एकदा हवामानबदल आणि बंदरे हा विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्याकडं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्राचं काय सांगता?" प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

उत्तराची सुरुवात मला घरापासूनच करावी लागेल. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात आधी खडी फोडायला गेला आणि तिथेही भागेना तेव्हा मुंबईला गेला. किनाऱ्यावरच्या एका खाजगी वखारीत तो पोती वाहत असे. हजेरीपटावर नाव नाही, हातात कसला कागद नाही. मुकादमाने टोळीत घेतले तर मजुरी, नाही तर उपास. तो सांगायचा, "पाऊस लागला की माल थांबतो, अन् माल थांबला की चूल थांबते." एका जुलैत वाऱ्याने ताडपत्री फाडली आणि धान्याची पोती भिजली. मुकादमाने त्या पोत्यांचे पैसे टोळीच्या मजुरीतून कापले. आजा हे सांगताना रागावत नसे. "गुन्हा वाऱ्याचा, दंड आम्हाला," एवढेच म्हणे.

आज जगभरचे तज्ज्ञ बंदरांनी बदलत्या हवामानाशी कसे जुळवून घ्यावे याचे आराखडे करीत आहेत. ते वाचताना मला दर वेळी आज्याचे ते भिजलेले पोते आठवते. धक्का किती उंच करायचा, भिंत किती लांब बांधायची, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण त्यांच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे. वादळाची किंमत कोणी मोजायची? बंदरांचा इतिहास या प्रश्नाकडे पाठ फिरवून लिहिला गेला आहे. तो आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

समुद्राशी आपला संबंध काय, याचे एक उत्तर आमच्या डोंगरातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. डोंगराच्या पोटात, समुद्रापासून इतक्या दूर, भिक्खूंच्या निवासात जहाज कशासाठी? ते चित्र पूर्णाच्या कथेचे आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा. 'दिव्यावदाना'तील कथेप्रमाणे तो एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बाप गेल्यावर सावत्र भावांनी दासीपुत्र म्हणून त्याला वाटा नाकारला. पुढे तो स्वतःच्या हिमतीवर मोठा सागरी व्यापारी झाला. सहा सफरी त्याने पार पाडल्या. सातव्या सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकले आणि तो भगवान बुद्धांकडे गेला. नंतर चंदन आणायला गेलेल्या भावाचे जहाज वादळात सापडले, तेव्हा ज्याला वाटा नाकारला होता त्या पूर्णानेच ते वाचवले. कथेतला चमत्कार आपण बाजूला ठेवू. एका दासीपुत्राचे नाव या देशातल्या एका प्राचीन बंदराशी जोडले गेले, ही गोष्ट मात्र बाजूला ठेवता येत नाही.

या बंदरांची आमच्या तालुक्याशी नाळ होती. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि त्या वेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचे साम्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे, आणि तिथून माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर जात असे, अशीही नोंद आहे. त्या गाड्या हाकणारे, पोती चढवणारे, बैलांना पाणी दाखवणारे हात कोणाचे होते, हे तो ग्रंथ सांगत नाही. दान देणाऱ्यांची नावे दगडावर आहेत, ओझे वाहणाऱ्यांची नाहीत.

मग सोपाऱ्याचे झाले काय? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. पण ज्या खाडीतून गलबते येत, ती गाळाने भरून गेली होती. बंदर असे मरते. एका रात्रीत नव्हे, गाळाच्या एकेका थराने. पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी खाडीबंदरांची हीच कहाणी आहे. नदी डोंगरावरून माती आणते, भरती ती खाडीत बसवते, पाणी उथळ होते आणि मोठी जहाजे दुसरीकडे वळतात. व्यापारी बिऱ्हाड हलवतो. कल्याण, चौल, ठाणे, वसई, मुंबई अशी लक्ष्मी किनाऱ्याने सरकत गेली. म्हणजे बदलत्या समुद्राशी जुळवून घेण्याची कला काही नवी नाही. पण आजवर ते जुळवून घेणे म्हणजे माल आणि भांडवल यांचे स्थलांतर होते. मागे राहिलेल्या गाळात माणसे राहिली. आज त्याच नालासोपाऱ्याच्या सखल वस्त्यांत मुंबईला रोज कामाला जाणारे हजारो कष्टकरी राहतात, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी त्यांच्या घरात शिरते. २०१८ च्या जुलैत तिथले रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे बंद पडली होती.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही एक बंदर आहे आणि आपण ते विसरलो आहोत. महाडचे नाव घेतले की आपल्याला चवदार तळे आठवते, २० मार्च १९२७ आठवतो, २५ डिसेंबर १९२७ ला झालेले मनुस्मृतीचे दहन आठवते. पण त्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला पोहोचले कसे? २४ डिसेंबरला ते प्रतिनिधी व स्वयंसेवकांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, हरिहरेश्वरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी 'अंबावती' बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदराला लागले. धरमतरची वाट सोडून ही लांबची जलवाट घेण्यामागे हिशेब होता. मोटारमालकांनी बहिष्कार टाकला, तर दासगावहून महाड पाच मैल, चालत जाता येईल. सडकेवर अडवणूक होईल, पण खाडी कोणाच्या बापाची नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. पाण्याच्या हक्कासाठी निघालेली माणसे पाण्याच्याच वाटेने गेली.

त्या दासगावचे पुढे काय झाले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात अतिवृष्टीने दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत आली ती मृतांच्या आकड्यांसह. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन बसेस. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. सह्याद्रीवर थोड्या तासांत फार पाऊस पडतो, नद्या आखूड आणि उताराच्या, खाली खाडी गाळाने उथळ झालेली आणि समोरून भरती. पाणी जाणार कुठे? हवामान तापले की हवेत बाष्प जास्त मावते आणि असे ढगफुटीसारखे पाऊस वाढतात, हे विज्ञान आता निःसंशय सांगते. १९२७ साली ज्या खाडीने आपल्याला वाट दिली, तीच खाडी आज कोंडलेली आहे.

आता मुंबई. ही बंदरनगरी मुळात समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभी आहे. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. या शेवटच्या गोदीसाठी खणलेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेटची देखणी कचेरीनगरी उभी राहिली. ती माती कोणाच्या डोक्यावरून वाहिली गेली, हे तिथल्या कुठल्या इमारतीवर लिहिलेले नाही. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओला करावा लागे आणि विटाळ होई. ओझे उचलायला मात्र विटाळ आडवा येत नव्हता.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. स्फोटक द्रव्ये आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात भरलेल्या होत्या. शेकडो माणसे मेली, हजारोंची घरे गेली. धोक्याचा माल आत येतो तेव्हा सर्वांत जवळ उभा असतो तो हमाल, आणि तो धोका त्याला कोणी सांगितलेला नसतो, हा त्या स्फोटाचा धडा. गोदी कामगारांच्या लढ्यांतून पुढे १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. नोंदणी आली, किमान हमी आली, काम नसलेल्या दिवसाचाही काही विचार आला. माझ्या आज्यासारखे नोंदणीबाहेरचे लोक त्या छत्रीखाली आलेच नाहीत. आणि आज कंत्राटी पद्धतीने ती छत्रीच मिटत चालली आहे.

अशा वेळी समुद्र चढतो आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची मोजणी होते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली, आणि २००६ नंतर ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने चढत आहे. हा आकडा बोटभर वाटतो. पण भरतीच्या वेळी वादळ आले की लाट त्या वाढलेल्या पाण्यावर स्वार होते. शहराची गटारे समुद्रात उघडतात. समुद्र वर आला की गटारांचे तोंड बंद होते आणि पाणी उलट वस्तीत येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हेच झाले.

दुसरा बदल वादळांचा. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, असे आम्ही शाळेत शिकलो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दाखवले आहे की १९८२ ते २००० या काळाशी तुलना करता २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. पाणी तापले की वादळाला खाद्य मिळते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला, कुठलेही नामांकित चक्रीवादळ नसताना, केवळ पावसाळी वाऱ्याने न्हावा-शेवा बंदरातल्या तीन प्रचंड क्रेन कोसळल्या. कुलाब्याला त्या दिवशी ताशी १०७ किलोमीटर वेगाची नोंद झाली होती.

मग १७ मे २०२१ चे 'तौक्ते' वादळ. वादळ येणार हे आधी कळले होते, बंदरांवर धोक्याचे बावटे चढले होते. तरीही मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राच्या कामासाठी उभा असलेला 'पी-३०५' हा तराफा २६१ माणसांसह वादळात राहिला, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. सत्तरांहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार होते. सूचना होती, विज्ञान होते, आधुनिक साधने होती. मग काय नव्हते? काम सोडून परत फिरण्याचा अधिकार कामगाराच्या हाती नव्हता. भिजलेल्या पोत्याचा हिशेब इथे माणसाच्या जिवाने चुकता झाला.

म्हणून बंदरांनी जुळवून घ्यायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. अभियंत्यांचे म्हणणे आपण जरूर ऐकावे. नवे धक्के पुढच्या शंभर वर्षांच्या पाण्याचा अंदाज घेऊन उंच बांधावेत, वीजकेंद्रे जमिनीवरून वर न्यावीत, वाऱ्याच्या एका ठराविक वेगाला क्रेन थांबवून जखडण्याची सक्ती असावी, गटारांच्या तोंडाला भरतीची झडप आणि मागे पंप असावेत, गाळ नियमित काढावा. हॉलंडमध्ये रॉटरडॅम बंदराच्या मुखाशी १९९७ पासून समुद्राला अडवणारे महाकाय फिरते दरवाजे उभे आहेत. पण ८ नोव्हेंबर १९४५ ला कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना, मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडलेला विचार इथे आठवावा. पुराला केवळ बांध घालून भागत नाही, पाण्याला शत्रू न मानता अख्ख्या नदीचा एकत्र विचार करा, साठवण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र बघा, असा त्यांचा आग्रह होता. दासगावची खाडी वाचवायची तर वरचे डोंगर वाचवले पाहिजेत. बंदर वाचवायचे तर त्याच्या बाजूची तिवरे वाचवली पाहिजेत. तिवरांचे जंगल लाटेचा जोर मोडते आणि गाळ धरून ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांची तोड म्हणजे नागरिकाच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे म्हटले ते यासाठीच.

आणि ही तिवरे, ही खाडी ज्यांची रोजी आहे त्यांचे काय? १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, त्यासाठी जुने शेवा गाव उठले. हनुमान कोळीवाड्याची माणसे पुनर्वसनासाठी पुढे अनेक दशके झगडत राहिली. उरण-पनवेल भागातल्या १,६३० कोळी कुटुंबांना मासेमारी बुडाल्याबद्दल ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यावी, असा निकाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचे काम, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टरांचा भराव आणि दहा किलोमीटरची लाटरोधक भिंत. एवढे मोठे बंदर वाढत्या समुद्राचा विचार करूनच बांधले जाईल, यात शंका नाही. शंका आहे ती ही, की त्या विचारात तिथला कोळी, वारली आणि उद्या तिथे पोती-पेट्या वाहायला जाणारा आमचा पोरगा मोजला जाईल का?

कारण तो जाणारच आहे. २०१५ च्या डिसेंबरात जालन्याजवळ ड्राय पोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी झाली. जालन्याचे लोखंड आणि बियाणे समुद्रावर जाणार, भोगवर्धनची जुनी वाट नव्याने उघडणार, असे सांगितले गेले. उघडावी, आम्हाला ती हवीच आहे. पण बंदराशी जोडले जाणे म्हणजे बंदराच्या वादळाशीही जोडले जाणे. न्हावा-शेवाला काम थांबले की जालन्यातल्या मजुराची हजेरी बुडणार. आमच्याकडे दुष्काळ आणि किनाऱ्यावर पूर, ही एकाच बिघडलेल्या हवामानाची दोन तोंडे आहेत. १९७२ साली माझा आजा एका तोंडातून सुटून दुसऱ्या तोंडाशी गेला होता.

तेव्हा आपल्या मागण्या नीट शब्दांत मांडल्या पाहिजेत. बंदरांच्या प्रत्येक हवामान आराखड्यात कंत्राटी कामगारांची मोजदाद आणि नोंदणी असली पाहिजे. धोक्याचा बावटा चढला की काम थांबवण्याचा हक्क कामगाराला कायद्याने मिळाला पाहिजे, आणि त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. उन्हाच्या तडाख्यात तापलेल्या लोखंडावर काम करणाऱ्याला सावली, पाणी आणि विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, नियम असला पाहिजे. भिंत बांधताना तिच्या बाहेर कोणाची वस्ती राहते, हे आधी जाहीर झाले पाहिजे. आराखडा ठरवणाऱ्या समितीत कोळी आणि हमाल बसला पाहिजे, नुसता सुनावणीला बोलावला जाऊ नये.

त्या विद्यार्थ्याला मी आता अजिंठ्याला नेणार आहे. दुसऱ्या लेण्यातले ते जहाज त्याला दाखवीन आणि सांगेन, हे एका दासीपुत्राच्या गोष्टीतले जहाज आहे. ज्याला घरात वाटा नव्हता, त्याने वादळात सगळ्यांना वाचवले. कथेत ते शोभते. पण आम्ही आता वाटा आधी मागतो आहोत. आज्याच्या मजुरीतून कापलेले पैसे परत येणार नाहीत, हे मला कळते. पुढच्या वादळात ते कोणाच्या मजुरीतून कापले जातील, हे मात्र अजून ठरायचे आहे.